मराठीत राम कुठेकुठे सापडतो

माझी भावजय मल्याळी. लग्नाला दोन वर्षं झाली, मराठी बऱ्यापैकी कळायला लागलंय, पण फोनवरचं बोलणं तिला अजून अडतं. समोरच्याचे हातवारे दिसत नाहीत ना! मागच्या मे महिन्यात गावी ओसरीवर बसून ती तात्यांचं, म्हणजे आमच्या चुलत्यांचं, बोलणं ऐकत होती. पलीकडे तात्यांचे व्याही होते. आपल्याला ऐकू येणारी बाजू अशी:

"रामराम, रामराम पाव्हणं!... हां, कळलं, आबानं काल राम म्हटला... सुटला बिचारा. शेवटी शेवटी अंगात राम राह्यला नव्हता... आन् धाकटा काय म्हणतो?... अरारा, चांगल्या नोकरीला रामराम ठोकला?... शेतीत तरी आता काय राम हाय!... बरं, उद्या रामपारी निघतो... रामराम."

तात्यांनी फोन ठेवला तशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "वारलं कोण, आबा की राम? आणि हे रामपारी गाव कुठे आलं?"

तिच्या स्वतःच्या वडिलांचं नाव रामन. राम हे माणसाचं नाव असतं, देवाचं असतं, एवढं तिला घरूनच ठाऊक. पण तात्यांच्या बोलण्यात इतक्या वेळा राम आला आणि त्यातला एकही माणूस नव्हता, देवही नव्हता. तिला समजावताना लक्षात आलं की आपण हा शब्द दिवसभर वापरतो, पण उलगडून सांगायची वेळ आली की ततपप होतं.

सोपी किल्ली एकच. बोलीतल्या बऱ्याच वाक्यांत 'राम' काढून 'जीव' किंवा 'कस' घाला, वाक्य चालतं. अंगात राम नाही म्हणजे ताकद नाही. धंद्यात राम नाही म्हणजे मिळकत नाही. भाषणात राम नव्हता म्हणजे शब्द भरपूर होते, आत काही नव्हतं. चहाची तीच पत्ती दुसऱ्यांदा उकळली तर रंग येतो, वाफ येते, कपही भरतो, पण त्यात राम नसतो. यात एक बारीक अट आहे. जिथे काही असायला हवं होतं, किंवा पूर्वी होतं, तिथेच राम 'नसतो'. कोऱ्या कागदात राम नाही असं कोणी म्हणत नाही. फसलेल्या कादंबरीत मात्र म्हणतात.

देवाच्या नावाचा अर्थ 'कस' कसा झाला? वाट संतांच्या घरावरून जाते. कबीरांचा राम दशरथाचा मुलगा नव्हे. तो निर्गुण, प्रत्येकाच्या आत असलेला. आपल्याकडेही 'आत्माराम' हा शब्द वेदान्तातून कीर्तनात आला आणि कीर्तनातून थेट स्वयंपाकघरात. पोटभर जेवून ढेकर दिल्यावर 'आत्माराम तृप्त झाला' म्हणणाऱ्या माणसाला अद्वैत शिकवावं लागत नाही. आत जो कोणी बसलाय, जेवतोय, दमतोय, तो राम. तो आत आहे तोवर शरीर चालतं. तो नसला की उरतं ते चिपाड.

म्हणूनच 'राम म्हणणे' याचा अर्थ मरणे. मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजळ घालायचं, कानाशी रामनाम घ्यायचं, आणि जमलं तर त्यानंही ते शेवटचं उच्चारावं, ही जुनी रीत. त्या एका उच्चारावरून सगळ्या प्रसंगालाच नाव पडलं. दिल्लीत राजघाटावर गांधीजींच्या समाधीवर 'हे राम' एवढे दोनच शब्द आहेत, ते याच रीतीतले. आपल्या वाक्प्रचारात वय मात्र बघितलं जातं. नव्वदीच्या आबांनी राम म्हटला, हे चालतं. त्यात पिकलं पान गळाल्याची शांतता आहे. पंचविशीतलं पोर अपघातात गेलं तर कोणी असं म्हणणार नाही, म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडेल. निर्जीव वस्तूंना मात्र मुभा आहे. विहिरीवरची मोटार ऐन उन्हाळ्यात राम म्हणते, आणि गावात त्याचं दुःख आबांपेक्षा कमी नसतं.

उलटं वाचलं तर राम म्हणजे 'मरा'. वाल्या कोळ्याला राम म्हणता येईना म्हणून नारदानं 'मरा मरा' म्हणायला सांगितलं, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. 'मरा' हा आज्ञार्थ ज्या भाषेत रोज कानावर पडतो, त्या भाषेच्या पोराला ही गोष्ट वेगळीच झोंबते.

आता रामराम. भेटताना रामराम, निघतानाही रामराम. म्हणून 'रामराम ठोकणे' म्हणजे सोडून देणे. नोकरीला, दारूला, राजकारणाला, पक्षाला, कशालाही रामराम ठोकता येतो. 'नमस्कार ठोकला' म्हटलं तर माणूस भेटीला गेलेला दिसतो, 'रामराम ठोकला' म्हटलं की पाठमोरा. हाच शब्द सूर बदलून म्हटला तर किळस: "रामराम, काय ही मोरी!" आणखी लांबवून, मान हलवत म्हटला तर हळहळ: "राम राम राम, एवढ्या लहान वयात..." लिहिताना हे तिन्ही सारखेच दिसतात. परक्या माणसाला इथे सूर ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

दोनदाच का म्हणायचं, यावर मोबाइलवर एक निरोप फिरत असतो. 'क'पासून मोजलं तर 'र' सत्ताविसावं व्यंजन, 'म' पंचविसावं, आणि 'आ' दुसरा स्वर. २७ + २ + २५ = ५४. दोनदा म्हटलं की १०८, म्हणजे एक माळ जपल्याचं पुण्य. मी बोटं मोजून पाहिलंय, बेरीज बरोबर आहे. पण बांधावरून बांधावर हाळी देणारा शेतकरी आधी वर्णमाला मोजून मग दोनदा म्हणायला लागला, यावर माझा विश्वास नाही. आपण 'या या', 'बसा बसा', 'बरं बरं'ही दोनदाच म्हणतो. त्यांची बेरीज कोणी करत नाही.

हा रामराम दिसतो तितका सगळ्यांचा नव्हता. जुन्या गावगाड्यात कोणी कोणाला काय म्हणायचं हे जातीनं ठरे. कुणबी-मराठ्यांत आणि त्यांच्या बरोबरीनं वावरणाऱ्यांत रामराम चाले. महाराला मात्र 'जोहार मायबाप' म्हणावं लागे. चोखोबांच्या अभंगात तो जोहार आजही ऐकू येतो. विसाव्या शतकात 'जय भीम' रुजला (ते रुजवण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं), तेव्हा नुसता अभिवादनाचा शब्द बदलला नाही, वाकायची कंबर सरळ झाली. ज्यांच्या नावानं हे अभिवादन, त्या बाबासाहेबांच्या पूर्ण नावात वडिलांचा राम आहेच: भीमराव रामजी आंबेडकर. वारकऱ्यांचं आणखी निराळं. ते 'रामकृष्णहरी' म्हणतात. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात हाच मंत्र दिला, असं तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय.

गोष्ट अयोध्येच्याही मागे नेता येते. संस्कृतात 'रम्' धातूचे दोन अर्थ: रमणे आणि थांबणे. रमणीय, सुरम्य हे पहिल्या अंगाचे, विराम दुसऱ्या. तेव्हा आपल्या प्रत्येक स्वल्पविरामात रामाचा चुलतभाऊ बसलेला असतो. 'आराम' मात्र जपून. संस्कृतात आराम म्हणजे बाग, म्हणून बौद्ध भिक्षूंचा निवास तो संघाराम. जेवणानंतर आपण खुर्चीत पाय पसरून करतो तो आराम फारसीतून आलेला. आणि 'हराम' अरबीतला. त्याच्यात राम शोधू नये, सापडला तर उपयोग नाही.

त्याहून जुनी गंमत अशी की वैदिक भाषेत 'राम' हे विशेषण काळ्या, सावळ्या रंगासाठी येतं, आणि 'राम्या' म्हणजे रात्र. आमच्या वर्गातल्या राम्याला हे तेव्हा माहीत असतं तर त्यानं शिक्षकांना ऐकवलं असतं.

पुराणांत राम एक नाही, तीन. परशू घेतलेला भार्गवराम, धनुष्य घेतलेला दाशरथी राम आणि नांगर घेतलेला बलराम. म्हणून जुन्या गणितात आणि ज्योतिषात 'राम' हा चक्क आकडा आहे: ३. ग्रंथ पद्यात लिहायचे, वृत्तात आकडे बसेनात, म्हणून संख्यांना शब्द नेमून दिले होते. चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४. हे अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे. श्लोकात 'वेदराम' दिसलं तर आधी ४, त्याच्या डावीकडे ३, म्हणजे ३४. असा श्लोक भक्तीचा समजून कोणी हात जोडले तर जोडू द्यावेत. त्यात एखाद्या ग्रहाची गती लिहिलेली असू शकते.

आणि व्याकरणातला राम तर सर्वांत राबलेला. पारंपरिक संस्कृत शिक्षणात पाठांतर सुरू होतं तेच 'रामः रामौ रामाः' पासून. तो अकारान्त पुल्लिंगी शब्दांचा नमुना. राम चालवता आला की देव, नर, वृक्ष सगळे चालवता येतात. तिन्हीसांजेला दिव्यापुढे रामरक्षा म्हणणाऱ्या घरांत हा धडा पोरांच्या नकळतच होऊन जायचा. शेवटाकडे जो 'रामो राजमणिः' श्लोक येतो तो एकदा सावकाश वाचून पाहा. रामो, रामं, रामेण, रामाय, रामात्, रामस्य, रामे, भो राम. प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठही रूपं, ओळीनं, एकही न चुकवता. मला हे दहावीत संस्कृतच्या बाईंनी दाखवलं तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं. इतकी वर्षं स्तोत्र म्हणतोय असं समजत होतो आणि विभक्ती घोकत होतो!

मराठी व्याकरणात तर रामाला उसंतच नाही. कर्तरी प्रयोग: राम आंबा खातो. कर्मणी: रामाने आंबा खाल्ला. भावे: रामाने रावणास मारले. पिढ्यान् पिढ्या तो आंबा खातोय आणि आंबा संपत नाही.

शब्दांच्या पुढे जोडलेला राम आणखी वेगळं काम करतो. 'रामबाण' म्हणजे न चुकणारा उपाय. खोकल्यावर आल्याचा रस रामबाण. (पाणथळीत उगवणाऱ्या पाणकणसालाही रामबाण म्हणतात, कारण ते दिसतंच तसं.) 'रामप्रहर' म्हणजे पहाटेची वेळ, जिभेवर पहिलं नाव रामाचं यावं अशी, तिचंच बोलीत 'रामपारी' झालं. भावजयीचं गाव ते हेच. 'रामकहाणी' म्हणजे लांबलेली दुःखाची गोष्ट, 'रामरगाडा' म्हणजे न संपणारा पसारा. शेवटच्या दोघांत रामाचं वैभव नाही, त्याची लांबी आहे. रामायण मोठं, म्हणून जे जे मोठं आणि सोसावं लागणारं ते ते रामाच्या नावावर. सरळसोट उंच वाढणारी बाभूळ तीही 'रामकाठी'.

रामफळाची कथा मात्र खास आहे. थंडी सरता सरता बाजारात येतं, गुलाबीसर तांबूस, सीताफळासारखे डोळे नसलेलं, आतून किंचित रवाळ. लोक सांगतात की वनवासात सीतेनं जे खाल्लं ते सीताफळ आणि रामानं खाल्लं ते रामफळ. वनस्पतिशास्त्र सांगतं की ही दोन्ही झाडं मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आलेली. म्हणजे रामानं ते पाहिलेलंही नसणार. तरी लोकांनी परक्या झाडाला असं घरचं नाव दिलं की आता ते परकं आहे हे पटवून द्यावं लागतं. मग त्याच घराण्यातल्या आणखी फळांची लक्ष्मणफळ, हनुमानफळ अशी नावं ओघानंच आली.

जागांचं तेच. रामटेक, रामकुंड, रामतीर्थ. नाशिकजवळ रामशेज किल्ला आहे, शेज म्हणजे बिछाना. नाव बिछान्याचं, पण १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ त्यानं मुघल फौजेला झोप लागू दिली नाही.

माणसांच्या नावात राम नुसता कमी, जोडीनं जास्त. पुढे लागला तर रामचंद्र, रामदास, रामकृष्ण, रामराव. मागे लागला तर सखाराम, तुकाराम, शांताराम, गंगाराम, बळीराम, राजाराम, सीताराम. मागे लागणाऱ्या रामाचं एक दुर्दैव आहे: हाक मारताना तोच आधी गळतो. सखाराम होतो सख्या, गंगाराम होतो गंग्या. राम परत येतो तो थेट लग्नपत्रिकेत आणि सातबाऱ्यावर. तुकोबांनी तर स्वतःच गाळला. सगळी गाथा 'तुका म्हणे' वर चालली, 'तुकाराम म्हणे' असं लिहायला त्यांना ना वृत्तानं भाग पाडलं ना नम्रतेनं. उत्तरेत उलट. तिथे राम आडनावासारखा शेवटी येऊन पक्का बसतो: जगजीवन राम.

काही वेळा नाव इतकं सार्वजनिक होतं की माणूस पुसला जातो. मुंबईच्या सुखवस्तू घरांत कोकणातून आलेला घरगडी असे, त्याला सरसकट 'रामा' म्हणत. गुजरातीत तर 'रामो' म्हणजेच घरगडी. आमच्या आजोळच्या वाडीतले एक आजोबा असे वीस वर्षं गिरगावात रामा होते. कागदावरचं नाव भिकाजी. सांगायचे, "माज्या आदी एक रामा होतो, माज्या नंतर एक रामा इलो. शेठाणीक नाव बदलूचा लागला नाय, भांडी घासणारे हात तेवढे बदलले." हे सांगताना हसायचे, पण गावी परतल्यावर त्यांनी दारावर भिकाजी नावाची पाटी लावून घेतली होती. अख्ख्या वाडीत पाटी असलेलं तेवढंच घर.

याच्या दुसऱ्या टोकाला रामशास्त्री. पेशव्यांच्या दरबारातले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा सत्तेवर बसलेल्या राघोबादादांनाच त्यांनी दोषी ठरवलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. तेव्हापासून निःस्पृह न्याय देणारा कोणीही 'रामशास्त्री' आणि त्याचा तो 'रामशास्त्री बाणा'. इथे एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. राघोबा म्हणजे रघुनाथ, म्हणजे रामच. त्या खटल्यात आरोपीही रामाच्या नावाचा आणि न्यायाधीशही.

देशाबाहेर हे नाव लांबवर गेलंय. थायलंडमध्ये १७८२ पासून राज्य करणाऱ्या चक्री घराण्याचे राजे राम पहिले, राम दुसरे असे मोजतात. सध्याचे वजिरालोंगकोर्न दहावे. बँकॉकमध्ये राम नववे यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे, आणि त्या देशाची जुनी राजधानी अयुथया, अयोध्येवरून. इंडोनेशियात 'रामा' हे मुलाचं नाव मुसलमान घरांतही सर्रास ठेवतात. हिब्रूतही 'राम' हे पुरुषाचं नाव आहे, अर्थ उंच, थोर; बायबलमधल्या अब्रामच्या शेपटीला तोच आहे. त्याचा आपल्या रामाशी काडीचा संबंध नाही. दोन भाषांत एकच आवाज निघाला म्हणून नातं जोडायचं, तर संगणकातल्या रॅमलाही आरती ओवाळावी लागेल.

छत्तीसगडमध्ये मात्र एक समाज आहे, ज्याच्याशी हे नाव अक्षरशः चिकटलंय. अस्पृश्य म्हणून देवळात घेतलं नाही, तेव्हा या रामनामी लोकांनी 'राम' ही अक्षरं अंगभर गोंदवून घेतली. कपाळावर, गालांवर, हातापायांवर. देऊळ बंद करता येतं, कातडीला कुलूप कसं लावणार?

हे एवढं सगळं मी भावजयीला त्या दुपारी सांगितलं नाही, अर्थातच. तिला किल्ली तेवढी दिली: राम म्हणजे जीव, कस. आणि ती अट, की असायला हवा होता तिथेच तो नसतो.

रात्री जेवायला आईनं आमटी वाढली. भावजयीनं पहिला घास घेतला, जरा विचार केला आणि मोठ्या आदरानं, नीट जुळवून म्हणाली, "आई, आमटीत आज राम नाही."

तात्या घास तोंडात धरून थांबले. आईनं मिठाचा डबा पुढे सरकवला.